खाली ठेवलेला फिंजान

"तो जागच्या जागी गेला," अबू नायिफ स्टिअरिंगवरून नजर न काढता म्हणाला. "त्याला काही कळलं नाही, काही दुखलं नाही. त्याच्या बापाला आम्ही असंच सांगितलंय. तूही तेच सांगायचंस. कळलं का, सिस्टर?"

"कळलं," मी म्हटलं.

गाडीत बसल्यापासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. मी मागच्या सीटवर, अंगावर काळा अबाया, डोक्यावरचं काळं कापड सारखं घसरतंय, आणि शेजारी अबू नायिफची बायको, उम्म नायिफ. नवऱ्याचं बोलणं संपलं की ती माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणायची, "ऐक त्याचं. तुझ्या नवऱ्यासाठी ऐक." बाई प्रेमळ होती, पण तिच्या हाताला वजन होतं.

ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, सौदीच्या उत्तरेकडची. मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि तिथून उठले ती थेट त्या वाळवंटातल्या एका लहान गावच्या सरकारी दवाखान्यात पडले. माझा नवरा दिनकर त्याच गावाजवळ अबू नायिफच्या गव्हाच्या शेतावर पंप मेकॅनिक होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायची, पण इथं सांगताना दिनकर म्हणते, म्हणजे गोष्ट लवकर पुढं सरकेल. सहा वर्षं आमचं बरं चाललं होतं. वॉर्डात शिकलेलं माझं मोडकंतोडकं अरबी आता बरंच सरळ झालं होतं.

मग ती संध्याकाळ झाली. माझी ड्यूटी संपवून आम्ही शेताच्या पिकअपमधून घरी येत होतो. उजेड कमी झाला होता, पण अंधार पडला नव्हता. रस्त्यावर एक उंट आला. दिनकरनं त्याला चुकवलं. उंटाला हाकायला मागून एक तरुण पोरगा धावत आला होता, तो मात्र चुकला नाही. फवाज त्याचं नाव. वीस वर्षांचा.

दीड महिना दिनकर कोठडीत होता. तिथला कायदा असा की मेलेल्या माणसाच्या वारसांनी माफ केलं तर सुटका, नाहीतर बसा. किती दिवस बसा, ते वकीलही सांगत नव्हता. भरपाईचे पैसे फवाजच्या बापानं नाकारले होते. त्याचा निरोप एकच होता, पोरगा गेला, आता तो बसू दे. गेल्या आठवड्यात मी दिनकरला भेटायला गेले तर त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "इंदू, आईला सांगू नकोस. सांग, लांबच्या शेतावर पाठवलंय." तासगावला त्याची आई दर रविवारी शेजाऱ्यांच्या फोनजवळ येऊन बसायची आणि मी तिला लांबच्या शेताच्या गोष्टी सांगत होते. माझं खोटं बोलणं तेव्हा चांगलंच रुळलं होतं.

म्हणून अबू नायिफ निघाला होता. मागच्या दोन गाड्यांत गावातली आठ-दहा वडीलधारी माणसं होती. मयताच्या घरी असं मोठ्या माणसांना घेऊन जायचं आणि माफी मागायची, ही त्यांची रीत.

"आम्ही पुरुषांकडे बसू," अबू नायिफ म्हणाला. "तू बायकांकडे जा. रडू आलं तर रड. जे देतील ते घे, नको म्हणू नकोस. त्यांच्या घरी नको म्हणणं म्हणजे तोंडावर मारणं. आणि तो कसा गेला?"

"जागच्या जागी," मी म्हटलं.

"शाब्बास."

आता खरं काय ते सांगते, कारण ते ठाऊक नसेल तर पुढचं कळायचं नाही. फवाज जागच्या जागी गेला नव्हता. चाळीस मिनिटं जिवंत होता. त्याला हलवणं धोक्याचं होतं म्हणून दिनकर पिकअप घेऊन पेट्रोल पंपावर फोन करायला गेला आणि रस्त्याच्या कडेला वाळूत त्याला घेऊन मी एकटी बसले होते. पोटाला मार होता, आत रक्त जात होतं, ते हाताला कळत होतं. पण शुद्ध होती. आणि तो पाणी मागत होता. माझ्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. मी ती दिली नाही. ज्याच्या पोटाचं ऑपरेशन व्हायचं आहे त्याला पाणी पाजत नाहीत, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याला बाटली दिसत होती म्हणून मी ती माझ्या पाठीमागे, अबायाखाली लपवली. अँब्युलन्सचे दिवे दिसायला लागले आणि तो गेला.

हे मी दिनकरला सांगितलं, दिनकरनं अबू नायिफला. अबू नायिफ मला येऊन म्हणाला, "हे कुणी ऐकता कामा नये. वाळवंटातल्या आईला हे सांगितलंस तर तुझा नवरा म्हातारा होईपर्यंत बाहेर येणार नाही."

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही पोचलो. सिमेंटचं बैठं घर होतं, पण पाहुण्यांसाठी बाजूला काळ्या लोकरीचा लांबच लांब तंबू उभारलेला. मधोमध एक जाड विणलेला पडदा. पडद्याच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. म्हणजे दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं.

पुरुष आत शिरले आणि पलीकडून सलाम ऐकू यायला लागले. त्यांच्यात एक गंमत आहे, म्हणजे त्या दिवशी गंमत वाटली नाही. पाहुणा कशासाठीही आलेला असो, आधी विचारपूस व्हायलाच हवी. कसे आहात, घरचे कसे आहेत, जनावरं कशी आहेत, वाटेत काय बातमी. आणि उत्तर ठरलेलं, सगळं छान, अल्लाहची कृपा, वाईट बातमी काही नाही. फवाजचा बाप एकेकाला हेच सांगत होता. पोरगा जाऊन दीड महिना झालेला माणूस दहा जणांना दहा वेळा सांगतो की वाईट बातमी काही नाही. मला वाटलं आता हा मध्येच फुटणार. फुटला नाही.

इकडे माझ्यासमोर फवाजची आई उभी राहिली. उम्म फवाज. म्हणजे फवाजची आई, त्या भागात थोरल्या मुलाच्या नावानंच बाईला हाक मारतात. मुलगा गेला तरी हाक तीच राहते. लहानखुरी, पन्नाशीची बाई, हनुवटीवर निळं गोंदण. तिनं उम्म नायिफच्या गालाला गाल लावला आणि मग माझ्या.

"कशी आहेस?"

"बरी आहे, अल्लाहची कृपा."

"तब्येत?"

"बरी आहे."

"आई-वडील?"

"बरे आहेत."

"घरचे कसे आहेत?"

घरचे म्हणजे दिनकर. तो कोठडीत होता आणि तिच्या घरच्यांमुळे होता, आणि तिचा मुलगा मातीत होता आणि दिनकरमुळे होता. दोघींनाही हे ठाऊक होतं. तिच्या डोळ्यात डोळे घालून मी म्हटलं, "बरे आहेत. अल्लाहची कृपा."

"अल्लाहची कृपा," ती म्हणाली आणि तिनं मला हाताला धरून गादीवर बसवलं. चांगल्या जागी, आपल्या उजव्या हाताला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

खजूर आले. मी एक घेतला, तो तोंडात फिरत राहिला. मग कहवा आला. तिकडचा कहवा म्हणजे आपली कॉफी नव्हे, पिवळसर, वेलदोड्याचा, बिनसाखरेचा, कान नसलेल्या इवल्याशा कपात देतात. त्या कपाला फिंजान म्हणतात. पाहुण्याला दोन घोट पुरतील इतकाच ओततात, संपला की पुन्हा ओततात. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ उलटा, हा घ्या आणि उठा.

ओतायला फवाजची आत्या होती, नूरा. उंच, हाडापेरानं मोठी. उम्म नायिफला तिनं दोन घोट ओतले. मग माझ्यापुढे आली, माझ्याकडे बघितलं, आणि फिंजान काठोकाठ भरला. इतका, की कहवा सांडून माझ्या बोटांवर आला. गरम होता. मी हात हलवला नाही.

उम्म नायिफचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"नूरा," फवाजची आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "पाहुणी आहे."

"कुणाची पाहुणी?"

"माझी. माझ्या छपराखाली बसलीये."

तिनं माझ्या हातातला फिंजान काढून घेतला, बाजूला ओतला, आपल्या ओढणीच्या टोकानं माझी बोटं पुसली. नूराच्या हातातून किटली घेतली, डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं दुसरा फिंजान मला दिला. दोन घोट. जसा द्यायचा तसा.

खरं सांगते, तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी तो कहवा प्यायले असते. घटाघटा प्यायले असते. पण तिनं माझी बोटं पुसली होती. फिंजान ओठापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. जिच्या पोराला मी पाणी दिलं नव्हतं तिच्या हातचं मी काय म्हणून पिऊ? मी फिंजान खाली गालिच्यावर ठेवला.

उम्म नायिफनं मला कोपरानं ढोसलं. मी फिंजानाला हात लावला नाही. पलीकडेही सगळं थंड होतं. दहा माणसं बसलेली आणि कुणी फुंकर मारल्याचा, घोट घेतल्याचा आवाज नाही.

"पीत का नाहीस?" नूरानं विचारलं.

माझ्या तोंडी जे आलं ते बोलून गेले. "आमच्याकडे मयत झालेल्या घरी काही घेत नाहीत. सुतक असतं."

"किती दिवस?"

"तेरा."

"इथं दीड महिना झाला," फवाजची आई म्हणाली.

चोरी पकडली गेली होती. मी मान खाली घातली.

"हिला काहीतरी मागायचंय," ती नूराला म्हणाली.

"मला कळलं नाही," मी म्हटलं.

नूरानं माझ्याकडे असं बघितलं की ही बाई वेड पांघरतेय का खरंच वेडी आहे. मग तिनं सांगितलं. "आमच्यात ज्याला मोठं मागणं मागायचं असतं तो कहवा पीत नाही. फिंजान पुढ्यात ठेवतो. यजमान विचारतो, काय हवंय. मागणं मान्य झालं की मगच पितो. पाहुण्याचा फिंजान तसाच थंड झाला, तर त्या घराला चार लोकांत मान वर करून चालता येत नाही. पलीकडे काय चाललंय असं वाटतं तुला? दहा फिंजान जमिनीवर आहेत. माझा भाऊ एकच सांगतोय, पोराच्या आईला विचारा. आणि आई दीड महिना नाही म्हणतेय. आता तू येऊन तिच्याच पुढ्यात ठेवलास."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत मला सगळ्यांनी एकच शिकवलं होतं, कहवा कधी नाकारू नकोस. पुरुषांकडची ही रीत अबू नायिफनं मला सांगितली नव्हती. बायकांकडे कुणी असलं मागेल हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल. आणि मी न कळत नेमका तोच डाव टाकला होता. तिला आता माझं मागणं सहजासहजी झिडकारता येणार नव्हतं.

उम्म नायिफनं माझं मनगट घट्ट धरलं. "माग," ती पुटपुटली. "लगेच माग. नवरा माग."

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. दिनकरची भिंतीकडे वळलेली मान, तासगावच्या फोनजवळ बसलेली म्हातारी, सगळं डोळ्यापुढं होतं. एका वाक्याचं काम होतं.

"थांब," फवाजची आई म्हणाली. "मागशील ते माग, पण आधी मला एक सांग. तू तिथं होतीस ना?"

"होते."

"माझा मुलगा जागच्या जागी गेला?"

"हो, हो," उम्म नायिफच घाईनं म्हणाली, "अल्लाहची कृपा, पोराला काही कळलंसुद्धा नाही, एका क्षणात..."

"तुला नाही विचारलं."

उम्म नायिफची नखं माझ्या मनगटात रुतली. फवाजची आई माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती, राग नव्हता, नुसतं बघत होती. वॉर्डात नातेवाईक असे बघतात. ज्याला कळून चुकलेलं असतं की आपल्याला सगळे गोड बोलून फसवतायत, तो असा बघतो. मी अशा माणसांना कितीदा तरी खोटं सांगितलं होतं आणि मला कधी काही वाटलं नव्हतं.

मी एकदा पडद्याकडे बघितलं. पलीकडे दहा माणसं माझ्या नवऱ्यासाठी तहानलेली बसली होती. मला दिनकर हवा होता. फार हवा होता. आणि तरी त्या बाईच्या शेजारी बसून, तिनं पुसलेली बोटं मांडीवर ठेवून, माझ्यानं ते बोलवेना.

"नाही," मी म्हटलं.

उम्म नायिफनं माझं मनगट सोडून दिलं.

"चाळीस मिनिटं होता. शुद्धीवर होता. माझ्या मांडीवर डोकं होतं. पाणी मागत होता." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. "माझ्याकडे पाणी होतं. भरलेली बाटली होती. मी दिलं नाही. त्याला ती दिसत होती म्हणून मी लपवली. तो मागत राहिला आणि मी नाही दिलं."

नूरा उठून उभी राहिली. किटली कलंडली, कहवा गालिच्यावर पसरला. "कुत्र्याला पाणी देतात," ती म्हणाली. "वाळवंटात वाटेवरच्या कुत्र्यालाही देतात. आमचा पोरगा पाणी मागत होता आणि तू..." पडद्यापलीकडची कुजबूज बंद झाली. तिकडे ऐकू गेलं होतं. उम्म नायिफनं ओढणी तोंडावर ओढली. झालं, मी मनात म्हटलं. संपवलंस, इंदू. नवरा घालवलास.

फवाजची आई हललीसुद्धा नाही.

"डोकं कुणीकडे होतं?"

"माझ्या उजव्या मांडीवर."

"काय म्हणाला?"

"मोया." तिकडे पाण्याला मोया म्हणतात. "यम्मा, मोया. असं म्हणत होता."

"यम्मा म्हणाला?"

"हो."

यम्मा म्हणजे आई. तिनं ओठ मिटले. मला वाटलं आता ही मला हाकलणार, आणि हाकलावंच तिनं.

"तुला म्हणाला का मला?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "डोळे मिटलेले असायचे. तुम्हालाच असेल."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, थोडा थांब. आता गाडी येईल. ऑपरेशन होईल, मग मी स्वतः तुला पाजीन. पोटभर पाजीन."

"का थांब म्हणालीस?"

"पोटाच्या ऑपरेशनच्या आधी पाणी देत नाहीत. भूल देताना पोटात पाणी असलं तर ते छातीत जातं. पेशंट दगावतो."

"म्हणजे ऑपरेशन होणार असं तुला वाटत होतं."

"हो."

"तो जगणार असं वाटत होतं."

मला ते कधी कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. दीड महिना माझ्या डोक्यात नुसती ती बाटली होती. मी म्हटलं, "वाटत होतं म्हणजे काय, मी तेच धरून बसले होते. शेवटपर्यंत धरून होते. नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर दिलं असतं ना पाणी," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं. अबू नायिफनं रड म्हणून सांगितलं होतं तसलं नव्हे. नाक, डोळे, सगळं. लाज सोडून रडले.

फवाजची आई नूराला म्हणाली, "बस खाली."

"वहिनी, हिनं..."

"बस." नूरा बसली. मग फवाजची आई बोलायला लागली, कुणा एकीला नव्हे, हळूहळू, वजन करून बघितल्यासारखं. "मला सगळे म्हणाले, जागच्या जागी गेला. मला वाटायचं, एकटा रस्त्यावर पडला आणि गेला. कुणी जवळ नव्हतं. कुणाला हाक मारायलाही त्याला वेळ मिळाला नाही. रोज रात्री मला तेच दिसायचं." ती नूराकडे वळली. "मी तिथं असते तर पाणी दिलं असतं, नूरा. त्यानं एकदा मागितलं असतं की दिलं असतं. कारण मी बघितल्याबरोबर धीर सोडला असता. गेला माझा मुलगा, म्हणून पाणी पाजलं असतं. तूही दिलं असतंस. ही परकी बाई चाळीस मिनिटं त्याला जाऊ देत नव्हती."

नूरा रडत होती. आवाज न करता, मोठ्या हाडाची बाई, नुसते खांदे हलत होते.

"पलीकडे सांग," फवाजची आई म्हणाली. "म्हणावं कहवा थंड झाला असेल. तो टाकून द्या, ताजा करा आणि पाहुण्यांना पाजा."

नूरा जागची उठेना.

"सांग, नूरा."

नूरानं डोळे पुसले, पडद्याजवळ गेली आणि भावाला हाक मारून तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. पलीकडून फवाजच्या बापाचा आवाज आला. घोगरा, कष्टानं काढलेला. "आम्ही माफ केलं. अल्लाहसाठी माफ केलं." आणि लगेच दहा म्हाताऱ्यांचा गलका, दुवा, फिंजानांचा आवाज. मला काही सुधरेना. उम्म नायिफ माझ्या गळ्यात पडून रडायला लागली तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की दिनकर सुटला. मी अजून काही मागितलं नव्हतं. एक शब्द मागितला नव्हता.

फवाजच्या आईनं माझ्यापुढचा फिंजान उचलला, बाहेर ओतला, किटलीत राहिलेला कहवा त्यात ओतला. "आता पी," ती म्हणाली.

मी प्यायले. कडू होता, कोमट झाला होता. घशाखाली गेला.

पडद्याखालून माफीचा कागद सरकवला गेला. फवाजच्या आईनं शाईत अंगठा बुडवून उठवला आणि कागद परत दिला, त्याच्याकडे बघितलंही नाही. दुपारच्या आत तो कागद गावात पोचवला तर संध्याकाळपर्यंत दिनकरला सोडतील असं अबू नायिफचं गणित होतं. त्यानं बाहेरून हॉर्न दिला. उम्म नायिफ उठली, मलाही उठवायला लागली.

फवाजच्या आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्यापासून. तू गाडीतून उतरलीस तिथून. त्यानं काय घातलं होतं, तो कसा पडला होता, तुझ्याशी पहिलं काय बोलला. सगळं सांग."

मला कोठडीच्या गेटवर असायला हवं होतं. दीड महिना मी त्याच एका घटकेची वाट बघत होते, दिनकर बाहेर येईल आणि मी समोर उभी असेन. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. मी फवाजच्या आईकडे बघितलं. दीड महिना त्या बाईला वाटत होतं की मुलगा एका क्षणात गेला. आता तिच्या हाती त्याची चाळीस मिनिटं आली होती, आणि ती फक्त माझ्याकडे होती.

"अबू नायिफना सांगा, कागद घेऊन पुढं व्हा," मी उम्म नायिफला म्हटलं. "मी मागून येते."

उम्म नायिफ बाहेर जाऊन सांगून आली आणि पुन्हा माझ्या शेजारी बसली. नूरा जवळ सरकली. दोन गाड्या गेल्याचा आवाज आला, एक आमच्यासाठी थांबली.

"त्यानं निळा स्वेटर घातला होता," मी म्हटलं.

"मी विणला होता," फवाजची आई म्हणाली. "हं, पुढे."